सोळातलं एक रोप

बेळगावहून चोर्ला घाटाच्या रस्त्याने गोव्याकडे निघालं की वाटेत जांबोटी लागतं. त्याच्या पुढे कणकुंबी, मलप्रभेचा उगम. बेळगाव, जांबोटी आणि कणकुंबी एका सकाळीत पाहून होतात, पण पावसाच्या हिशेबाने हे तीन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेकडे सरकावं तसा पाऊस दाट होत जातो, ऊन घटतं, आणि लोंबी भरायच्या दिवसांतही ढग हलायला तयार नसतात. अशा ठिकाणी भाताला दोन परीक्षा द्याव्या लागतात. उगवण्याची परीक्षा सोपी असते, उभं राहण्याची अवघड.

जुनी गावरान भातं बहुधा उंच. ती उंची उगाच आलेली नव्हती. उंच रोप तणाला झाकून टाकतं, साचलेल्या पाण्याच्या वर डोकं ठेवतं, आणि गोठ्यातल्या जनावरांना पेंढाही भरपूर देतं. पण लोंबीत दाणा भरला, वरचं वजन वाढलं आणि परतीचा पाऊस वाऱ्यासकट आला, की सगळं शेत आडवं. पडलेलं भात चिखलात भिजतं, दाणा काळा पडतो, कधी लोंबीतच कोंब फुटतात. उत्पन्न वाढावं म्हणून खत जास्त टाकावं, तर रोप आणखी उंच होतं आणि आणखी लवकर लोळतं. शेतकऱ्याची मेहनत आणि रोपाची ठेवण एकमेकांच्या विरोधात जातात, अशी ही कोंडी होती. ती फोडण्याचं काम म्हणजे पीक पैदास. त्यातल्या संज्ञा कोशात वाचल्या तर कोरड्या वाटतात. एखाद्या वाणाच्या जन्माबरोबर त्या वाचल्या की प्रत्येक संज्ञेमागे कुणीतरी घेतलेला एक निर्णय दिसतो, आणि बहुतेक वेळा तो काय फेकून द्यायचं याचा असतो.

असा एक वाण या प्रकरणात सोबतीला घेऊ. इंद्रायणी. बेळगाव-खानापूर भागात बियाण्याच्या दुकानात हे नाव सहज कानावर पडतं, आणि पुण्या-मुंबईच्या वाण्याकडे तर मऊ, वासाचा भात म्हणजे इंद्रायणीच. हा वाण महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वडगाव मावळच्या केंद्रात तयार झाला आणि १९८७ साली प्रसारित झाला. त्याचे आईबाप दोन टोकांचे होते. एक आंबेमोहोर १५७, म्हणजे मावळातलं उंच, सुवासिक, कमी पिकणारं भात. दुसरा आयआर-८, फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये दिलेला बुटका, ताठ, खत पचवणारा आणि चवीला अगदी सुमार वाण. आयआर-८ चा भात निवला की टणक होतो. ज्यांनी तो त्या काळी रेशनवर खाल्ला, ते आजही त्याबद्दल प्रेमाने बोलत नाहीत.

दोघांची गाठ घालायची कशी? भात हे स्वपरागण करणारं पीक आहे. त्याच्या एकेका फुलात सहा पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर एकाच कवचात बसलेले असतात. फूल सकाळी थोडा वेळ उघडतं आणि उघडता उघडताच स्वतःचे परागकण स्वतःवर पडून काम आटोपतं. शेजारच्या ओळीतल्या दुसऱ्या भाताचा पराग येण्याची शक्यता फार थोडी. म्हणूनच शेतकरी पिढ्यानपिढ्या घरचं बी धरू शकला आणि वाण बऱ्यापैकी तसाच राहिला. मका, बाजरी, सूर्यफूल या परपरागण करणाऱ्या पिकांत हे जमत नाही, तिथे वारा आणि मधमाश्या सगळ्या शिवाराची सरमिसळ करत असतात. भाताचा संकर करायचा तर आदल्या दिवशी आईच्या लोंबीतल्या फुलांची टोकं कातरायची, पुंकेसर चिमट्याने किंवा हवा ओढणाऱ्या नळीने काढून टाकायचे, वर कागदी पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी बापाची फुललेली लोंबी त्यावर झटकायची. एवढं करून हाती येतात मोजके दाणे, तेही टोक कापलेल्या कवचात वाढल्यामुळे उघडे आणि वेडेवाकडे.

या दाण्यांतून उगवते ती पहिली पिढी, पैदासकारांच्या भाषेत एफ-१. इथे नवख्या माणसाची निराशा होते. उंच-सुवासिक आणि बुटकं-बिनवासाचं अशा दोघांच्या संकरातून पहिल्या पिढीची सगळी रोपं निघतात उंच आणि बिनवासाची. नको असलेले दोन्ही गुण हजर, हवे असलेले दोन्ही गायब.

याचं कारण समजलं तर आनुवंशशास्त्राचा अर्धा पाया समजला. भाताच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या बारा जोड्या असतात. जोडीतलं एक गुणसूत्र आईकडचं, एक बापाकडचं. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांब धागा, आणि त्या धाग्यावरचा एखादं काम करून घेणारा तुकडा म्हणजे जनुक. गुणसूत्रं जोडीने असल्यामुळे प्रत्येक जनुकाच्याही दोन प्रती असतात. त्या हुबेहूब सारख्या असतीलच असं नाही. एकाच जनुकाच्या अशा वेगवेगळ्या आवृत्त्यांना अ‍ॅलील म्हणतात. दोन्ही प्रती सारख्या असल्या तर रोप त्या गुणापुरतं समयुग्मी, वेगळ्या असल्या तर विषमयुग्मी.

आता गंमत अशी, की बुटकेपणा आणि सुवास हे दोन्ही गुण जनुक मोडल्यामुळे येतात. भाताच्या पहिल्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, तो जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार करण्याच्या साखळीतलं एक विकर बनवतो. तैवानच्या डी-जिओ-वू-जेन या जुन्या बुटक्या वाणात या जनुकातली डीएनएची ३८३ अक्षरं गळालेली आहेत. विकर नीट बनत नाही, जिबरेलिन कमी पडतं, पेरं आखूड राहतात. आयआर-८ ला त्याची उंची या तैवानी वाणाकडून मिळाली. वासाचा जनुक आठव्या गुणसूत्रावर आहे. तो धड असला तर रोपातला एक पदार्थ दुसऱ्याच वाटेने खर्च करून टाकतो. बासमती आणि थायलंडच्या जास्मिन भातात याच जनुकातली आठ अक्षरं नाहीत, त्यामुळे तो पदार्थ शिल्लक राहतो आणि त्यापासून शिजत्या भाताला ओळखीचा वास देणारं संयुग बनतं. बुटकेपणाचा उलगडा २००२ मध्ये झाला, वासाचा २००५ मध्ये. शेतकरी मात्र ही मोडतोड पिढ्यानपिढ्या ओळखून होता आणि निवडून जपत होता.

विहिरीवर दोन मोटारी असल्या आणि एक जळाली, तरी पाणी चढतं. मोडक्या जनुकाचं तसंच. विषमयुग्मी रोपात एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, रोप उंच वाढतं आणि वास येत नाही. जो गुण एकाच प्रतीने प्रकट होतो तो प्रभावी, आणि ज्याला दोन्ही प्रती लागतात तो अप्रभावी. अप्रभावी म्हणजे कमजोर नव्हे, तो फक्त लपलेला असतो. रोपाची आतली मांडणी म्हणजे जीनोटाइप, आणि डोळ्यांना दिसतं किंवा नाकाला कळतं ते रूप म्हणजे फेनोटाइप. पहिल्या पिढीतलं उंच रोप आणि त्याचं उंच पालक-रोप यांचा फेनोटाइप एकच, जीनोटाइप वेगळा. पैदासकाराच्या सगळ्या अडचणी या दोन शब्दांमधल्या अंतरातून जन्माला येतात.

पहिल्या पिढीला स्वतःवरच फळू द्यायचं. मिळणारी दुसरी पिढी, एफ-२, हा पैदाशीतला सर्वांत श्रीमंत क्षण. पराग आणि बीजांड तयार होताना जोडीतल्या प्रती विलग होतात आणि पुन्हा नव्याने जुळतात. मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्यावर दाखवून दिलेला हिशेब इथे लागू पडतो. चारातलं एक रोप बुटकं. चारातलं एक सुवासिक. दोन जनुक वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे एकाची वाटणी दुसऱ्याला विचारून होत नाही, म्हणून दोन्ही गुण एकत्र असलेलं रोप सोळात एक. उरलेल्या पंधरांत नऊ उंच-बिनवासाची, तीन उंच-सुवासिक, तीन बुटकी-बिनवासाची. हिशेब सोपा राहावा म्हणून इथे आंबेमोहोराचा वास एकाच जनुकावर धरला आहे. शेतात वासाची तीव्रता आणखी काही जनुकांवर, जमिनीवर आणि दाणा भरतानाच्या गारव्यावरही ठरते.

दोन्ही जनुक एकाच गुणसूत्रावर शेजारी असते तर हे प्रमाण बिघडलं असतं. शेजारचे जनुक बहुधा एकत्र वारशाला जातात, याला सहलग्नता म्हणतात. चांगल्या गुणाला चिकटून एखादा वाईट गुण येतो आणि काही केल्या सुटत नाही, हे पैदासकारांचं रोजचं दुखणं आहे.

आयआर-८ च्या नावामागे हाच हिशेब आहे. १९६२ मध्ये पीटर जेनिंग्ज यांनी फिलिपिन्समधल्या त्याच संस्थेत, लॉस बान्योसला, केलेल्या संकरांपैकी आठवा संकर पेटा या उंच इंडोनेशियन वाणाचा आणि डी-जिओ-वू-जेनचा. पहिली पिढी सगळी उंच निघाली. दुसऱ्या पिढीची सुमारे दहा हजार रोपं लावली, त्यांतली चारातली तीन उंच म्हणून बाद. पुढच्या पिढ्यांत हेन्री बीचेल यांनी निवडलेल्या ओळीचा क्रमांक आयआर-८-२८८-३. आठव्या संकरातली २८८ वी ओळ, तिच्यातलं तिसरं रोप. नाव म्हणून हे रुक्ष आहे खरं, पण एका रोपाची पूर्ण वंशावळ इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं नाव सापडणं कठीण.

आपलं सोळातलं एक रोप ओळखायचं कसं? बुटकेपणा डोळ्यांना दिसतो. वासासाठी भात पिकेपर्यंत थांबायची गरज नाही. सूद आणि सिद्दिक यांनी १९७८ मध्ये एक सोपी युक्ती सांगितली. पानाचे बारीक तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ ठेवायचे आणि नळीचं झाकण उघडून हुंगायचं. कटकट एवढीच, की वीस-पंचवीस नळ्या हुंगल्या की नाक थकतं आणि सगळंच सुवासिक वाटायला लागतं. आता डीएनएतल्या त्या आठ अक्षरांची जागा थेट तपासता येते. अशा खुणेला मार्कर म्हणतात आणि तिच्या आधाराने केलेल्या निवडीला मार्कर-आधारित निवड. रोप वीतभर असतानाच निकाल कळतो.

अप्रभावी गुणांचा एक मोठा फायदा इथे हाती येतो. बुटकं-सुवासिक रोप दिसलं, याचा अर्थ त्या दोन्ही जनुकांच्या दोन्ही प्रती मोडलेल्या आहेत. लपायला काही उरलेलंच नाही. त्याची संतती या दोन गुणांत कायम तशीच राहणार. उंच रोप मात्र विश्वासाचं नाही. ते शुद्ध आहे की पोटात बुटकेपणा घेऊन उभं आहे, हे त्याची पोरं पाहिल्याशिवाय कळत नाही.

पण वाण दोन जनुकांवर उभा राहत नाही. दाण्याची लांबी, पिकायला लागणारे दिवस, फुटवे, शिजल्यावरचा मऊपणा, रोगाशी टक्कर, आणि या सगळ्यांच्या वर उत्पन्न. एफ-२ मध्ये या गुणांचा नुसता गोंधळ असतो. तो शांत करायचा उपाय म्हणजे निवडलेल्या रोपांचं बी वेगवेगळं ठेवून पुढच्या पावसाळ्यात एका रोपाची एक ओळ लावणं, त्या ओळीतून पुन्हा चांगली रोपं निवडणं आणि वहीत सगळ्याची नोंद ठेवणं. ही वंशावळ पद्धत. स्वपरागणामुळे दर पिढीत विषमयुग्मीपणा निम्मा होतो. दुसऱ्या पिढीत आईबापांत वेगळे असलेले निम्मे जनुक विषमयुग्मी असतात, तिसऱ्यात पाव, सहाव्यात जेमतेम तीन टक्के, आठव्यात एक टक्क्याहून कमी. मग ओळीतली रोपं एकमेकांसारखी दिसू लागतात आणि पैदासकार तिला स्थिर झालेली ओळ म्हणतो. हजारो रोपांतून सुरू झालेल्या या प्रवासात दरवर्षी बहुतेक ओळी कापून वेगळ्या काढायच्या आणि त्यांचा दाणा सरळ खळ्यावर पाठवायचा. चार महिन्यांचं पीक आणि वर्षाला एकच पावसाळा असेल तर संकरापासून वाणापर्यंत दहा-बारा वर्षं सहज निघून जातात.

काही वेळा संकर करायचीही गरज नसते, निसर्गाने आधीच केलेला फरक फक्त दिसावा लागतो. सोलापूरकडची मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्या केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेली आहे आणि १९३० च्या दशकापासून आजवर ती भाकरीच्या ताटातून हटलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ या भाताच्या शेतात तीन वेगळ्या लोंब्या पाहिल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, पुढच्या हंगामांत पुन्हा पुन्हा निवडल्या. त्यातून बारीक दाण्याचा जो वाण उभा राहिला तो त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावाने एचएमटी म्हणून विदर्भभर आणि बाहेरही पसरला. पाठ्यपुस्तक याला शुद्ध वंश निवड म्हणेल. खोब्रागडे २०१८ मध्ये गेले. हयातभरात त्यांना मान बराच मिळाला, पैसा फारसा नाही. त्यांच्या कामाला नुसती ‘शेतकऱ्याची कल्पकता’ म्हणून थाप मारण्याची पद्धत मला पटत नाही. शेतात वेगळं रोप ओळखणं, ते वेगळं राखणं आणि त्याची संतती तपासणं, पैदासकाराचं काम हेच असतं.

प्रत्येक वेगळ्या रोपातून वाण निघतो असं मात्र नाही. बांधाच्या कडेचं भात पाहावं. त्याला ऊन जास्त, खताचं पाणी जास्त, शेजारी गर्दी कमी. लोंबी भरघोस येते. तिचं बी धरून पेरलं तर पुढच्या वर्षी हाती येतं तेच नेहमीचं भात. डेन्मार्कच्या योहान्सन यांनी १९०३ मध्ये घेवड्यावर नेमकं हे दाखवलं. एकाच शुद्ध वंशातले जड दाणे आणि हलके दाणे वेगवेगळे पेरले, तरी दोघांच्या संततीच्या दाण्यांचं सरासरी वजन सारखंच. दाण्यांतला तो फरक मातीचा आणि जागेचा होता, रक्ताचा नव्हता. जीन, जीनोटाइप आणि फेनोटाइप हे शब्दही याच माणसाने रूढ केले.

शेतात दिसणाऱ्या एकूण फरकातला किती वाटा आतल्या मांडणीचा आहे, हे मोजणाऱ्या संज्ञेला हेरिटेबिलिटी म्हणतात. समजा एका शेतात लोंबीला सरासरी १०० दाणे आहेत आणि तुम्ही १४० दाण्यांची रोपं निवडलीत. फरकाचा फक्त पाव हिस्सा वारशाने जाणारा असेल, तर पुढच्या पिढीची सरासरी ११० च्या आसपास येईल, १४० नाही. उंची किंवा दाण्याचा आकार या गुणांत हा हिस्सा मोठा असतो, उत्पन्नात लहान. म्हणून अनुभवी पैदासकार सुरुवातीच्या पिढ्यांत उत्पन्नाच्या मागे लागत नाही, ज्या गोष्टी डोळ्याला खऱ्या दिसतात त्यांवरच छाटणी करतो.

आणि मग येतो जांबोटीचा प्रश्न. वडगाव मावळात उत्तम ठरलेला वाण इथे तसाच ठरेल? वाण आणि परिस्थिती यांच्या या आंतरक्रियेमुळे एका ठिकाणचा पहिला क्रमांक दुसरीकडे पाचवा होतो. १९६५ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय समन्वित भात सुधार योजना याचसाठी एकच ओळ देशभर अनेक केंद्रांवर लावून पाहते. इकडच्या पट्ट्यासाठी धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचं मुगदचं केंद्र भातावर काम करतं. शिफारस राज्यवार होते आणि राज्याची सीमा मात्र शेताच्या मधून जाते, त्यामुळे सीमाभागातला शेतकरी कागदावर मुगदच्या यादीत आणि पिशवीत महाराष्ट्राचं बी, असा दोन्हीकडचा असतो. पावसाला मराठी-कन्नड कळत नाही, आणि भातालाही.

खानापूरच्या पश्चिमेला खरा वैरी करपा. गार रात्री, धुकं, पानावर तासन्‌तास टिकणारा ओलावा. बुरशीला याहून चांगलं काय हवं! आधी पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात, आणि लोंबीच्या मानेवर रोग आला तर आख्खी लोंबी पोचट. इंडोनेशियाहून आलेला इंटान हा वाण अशा पावसाळी डोंगरी भागात टिकून राहिला तो करपा सोसण्याच्या ताकदीमुळे. रोगप्रतिकाराचे काही जनुक बुरशीच्या एखाद्या विशिष्ट प्रकारालाच अडवतात. बुरशी बदलली की तो जनुक निकामी होतो, आणि कालपर्यंत निरोगी राहिलेला वाण एका हंगामात जळतो. लहान लहान परिणामांच्या अनेक जनुकांवर उभा असलेला प्रतिकार रोगाला पूर्ण थोपवत नाही, पण असा अचानक कोसळतही नाही. मोठ्या मुलखात एकच वाण लावण्यातला धोका इथे आहे.

आता ‘हायब्रीड’. या शब्दाने जेवढा घोळ घातला तेवढा कुठल्याच संज्ञेने घातला नसेल. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि तेव्हापासून नव्या बियाण्याची प्रत्येक पिशवी बोलण्यात हायब्रीड झाली. इंद्रायणी हायब्रीड नाही. ती संकरातून जन्मली खरी, पण पुढे स्थिर केलेला तो सरळ वाण आहे, त्याचं बी घरी धरता येतं. हायब्रीड म्हणजे दोन शुद्ध ओळींच्या संकरातली नुसती पहिली पिढी. ती अनेकदा दोन्ही आईबापांपेक्षा जोमदार निघते, याला संकरओज म्हणतात. तिचं बी धरलं तर पुढच्या वर्षी एफ-२ चा तो श्रीमंत गोंधळ शेतात उभा राहतो, पैदासकाराला हवाहवासा आणि शेतकऱ्याला बुडवणारा. म्हणून बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

कापसात या जोमाचा सर्वांत धाडसी वापर जांबोटीपासून जवळच, धारवाडला झाला. डॉ. बी. एच. कटरकी यांनी लक्ष्मी हा नेहमीचा कापूस आणि एसबी २८९-ई हा लांब धाग्याचा, वेगळ्या प्रजातीचा कापूस यांचा संकर करून १९७२ मध्ये वरलक्ष्मी दिला. कापसाचं फूल मोठं, एका संकरातून बोंडभर सरकी मिळते, त्यामुळे हाताने संकर करून व्यापारी बियाणं बनवणं परवडलं. ते हात बहुतेक बायकांचे आणि मुलींचे होते. भातात एका संकरातून एकच दाणा, तिथे हे अशक्य. भाताला नर-वंध्य ओळ लागते, जिचे परागकण मुळातच निकामी असतात. कर्जतला याच मार्गाने सह्याद्री हा संकरित भात तयार झाला आणि १९९८ मध्ये प्रसारित झाला.

जांबोटीच्या आसपासच्या लाल माळावर रताळी होतात, आणि तिथे यातलं जवळपास काहीच लागू होत नाही. रताळ्याचं बी कुणी पेरत नाही, वेलाचे तुकडे लावतात. सगळी रोपं एकाच रोपाची शरीरं, म्हणजे क्लोन. रताळ्यात गुणसूत्रांचे सहा संच मिळून ९० गुणसूत्रं असतात, बी धरून संतती पाहिली तर प्रत्येक रोप वेगळं. पण वेलाने वाढवायचं असेल तर आठ पिढ्यांची स्थिरता कशाला हवी? एकच चांगलं रोप सापडलं की वाण तयार. उसाचंही तेच. निपाणी-चिकोडीकडे पसरलेला को-८६०३२ आतून कमालीचा विषमयुग्मी आहे, फक्त कांडीने वाढतो म्हणून एकसारखा दिसतो. काजूचं आणि हापूसचं कलम हा याच युक्तीचा जुना अवतार. तोटा असा, की एका वेलाला विषाणू लागला तर तो वेलाबरोबर पुढच्या हंगामात जातो.

जनुक नवे हवे असतील तर ते कुठून आणायचे? एक मार्ग उत्परिवर्तनाचा. क्ष-किरण किंवा गॅमा किरण टाकून डीएनएत मुद्दाम बिघाड करायचे आणि हजारो बिघाडांतून एखादा कामाचा शोधायचा. ट्रॉम्बेच्या भाभा अणु संशोधन केंद्राच्या भुईमुगांची परंपरा अशीच सुरू झाली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबरचा टीएजी-२४ हा त्यातला १९९१ चा गाजलेला वाण. दुसरा मार्ग बॅकक्रॉसचा. एखादा वाण सगळ्या बाबतीत चांगला आहे, फक्त एक गुण कमी आहे, तर तो गुण असलेल्या दात्याशी संकर करायचा आणि मग संतती पुन्हा पुन्हा मूळ वाणाशीच जुळवत जायची. दर फेरीत दात्याचा वाटा निम्मा होतो, हवा तो जनुक तेवढा राखायचा. ओडिशाच्या एफआर-१३-ए या जुन्या भातात पाण्याखाली दोन आठवडे तग धरण्याचा जनुक होता. तो मार्करच्या मदतीने स्वर्णा या वाणात उतरवला आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब-१ भारतात प्रसारित झाला. तिसरा मार्ग अगदी ताजा. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या कमला या भातात बाहेरचा जनुक घातलेला नाही, सांबा मसुरीच्याच एका जनुकात नेमका बदल करून लोंबीतले दाणे वाढवले आहेत. उपयोगी बिघाड निसर्गाकडून व्हायची वाट न पाहता तो हव्या त्या जागी करायचा, एवढाच फरक.

वाण तयार झाल्यावरही तो टिकवावा लागतो. पैदासकार बियाणं, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, अशी उतरंड असते. पिशवीवरचं लेबल अनुक्रमे पिवळं, पांढरं, निळं. सरळ वाणाचं बी घरी धरलं तरी मळणीच्या खळ्यावर, पोत्यात, शेजारच्या शेतातून वाहून आलेल्या दाण्यांतून भेसळ शिरते. पोटरीतून लोंबी बाहेर पडते त्या दिवसांत शेतातून एक फेरी मारून उंच, लवकर फुललेली, वेगळ्या रंगाची रोपं उपटून टाकली तर घरचं बी बरीच वर्षं चालतं. पण उपटण्याआधी त्या रोपाकडे एकदा नीट पाहावं, खोब्रागड्यांच्या त्या तीन लोंब्यासुद्धा हिशेबाने भेसळच होत्या.

तैवानचं डी-जिओ-वू-जेन, ओडिशाचं एफआर-१३-ए, मावळातला आंबेमोहोर. ज्यांचे जनुक आज लाखो हेक्टरांवर उभे आहेत ती सगळी कधीकाळी कुठल्या तरी कोपऱ्यातली गावठी भातंच. अशा वाणांचा साठा, म्हणजे जर्मप्लाझम, दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत आणि लॉस बान्योसच्या शीतगृहात उणे तापमानात ठेवलेला आहे. तिथे बी जिवंत राहतं, पण बदलत नाही. नव्या करप्याशी, लांबलेल्या पावसाशी त्याची गाठ पडते ती शेतातच. बेळगावजवळच्या येळ्ळूर-वडगाव पट्ट्यातली बेळगाव बासमती किंवा पलीकडच्या आजऱ्याचा घनसाळ आजही काही शेतकरी लावतात ते वासासाठी आणि मिळणाऱ्या भावासाठी, जनुक जपण्यासाठी नव्हे. घनसाळाला भौगोलिक मानांकन आहे. वाणाची मालकी हा वेगळा विषय, आणि तिथे २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा लागू होतो. त्यात पैदासकाराला हक्क आहेत आणि शेतकऱ्यालाही. संरक्षित वाणाचंसुद्धा बी तो धरू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो, फक्त ब्रँडचं लेबल लावून नाही. शिवाय घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेलं भात तो स्वतःच्या किंवा गावाच्या नावाने नोंदवू शकतो. त्यासाठी वाण इतरांपेक्षा वेगळा, आतून एकसारखा आणि पिढ्यांत स्थिर असावा लागतो. उंच आणि आडवं पडणारं असलं तरी हरकत नाही.